कोंडे बाईंची तारीख

गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता कोंडे बाई गेल्या. वाघोलीच्या दवाखान्यातून त्यांचा जुना विद्यार्थी सचिन याचा फोन आला तेव्हा मी येरवड्याला घरी पेपर वाचत होतो. मी पेपरची घडी केली, चपला घातल्या आणि बसस्टॉपवर गेलो. दवाखान्यात पोचलो तेव्हा सचिन खिडकीशी फॉर्म भरत होता. नाव लिहून झाले होते. पत्ता लिहून झाला होता. जन्मतारखेच्या रकान्यापाशी त्याने पेन थांबवले आणि माझ्याकडे पाहिले.

"आधारवर काय आहे?" खिडकीतल्या मुलीने विचारले.

"एक जून."

"मग तीच घाला."

त्याने ती घातली. खरी तारीख आम्हा दोघांनाही ठाऊक होती. ती बाईंना मिळून जेमतेम चार महिने झाले होते.

महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा जन्म एक जूनला झालेला आहे. बाहेरच्या माणसाला हे सांगितले तर तो आपल्या आयाबायांविषयी काहीतरी भलताच समज करून घेईल. पण कारण साधे होते. जूनमध्ये शाळा उघडे, बाप पोराला धरून आणी, गुरुजी तारीख विचारत, बाप आभाळाकडे बघे. मग गुरुजी वर्गात बसवण्याजोगे वय धरून एक जून लिहून टाकत. पुढची पन्नास-साठ वर्षे त्या माणसाला तोच वाढदिवस म्हणून सांभाळावा लागे. ही मंडळी नोकरीतूनही एकदमच निवृत्त होत. एकतीस मेला पुण्यातल्या सरकारी कचेऱ्यांत शाली आणि हार यांचे जे पीक येत असे, ते गुरुजींनी पेरलेले होते.

कोंडे बाईही त्यातल्याच. पण येरवड्याच्या ज्या महापालिकेच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या, तिथे त्यांनी ही पद्धत बंद पाडली होती. मी त्या शाळेत लागलो तेव्हा माझे अक्षर पाहून त्यांनी जनरल रजिस्टर माझ्याकडे दिले. शाळेत पुस्तकांची दोन कपाटे होती आणि मधल्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ उभा असे, म्हणून त्या मला ग्रंथपाल म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले, "ग्रंथपाल, या वहीत एक जून लिहायचा नाही. त्या तारखेला जन्मायला पोरगं खरोखर जन्मलेलं असावं लागतं."

बाई ठेंगण्या होत्या. पदर खांद्याला दोन पिनांनी टाचलेला असे, कारण एका पिनेवर त्यांचा विश्वास नव्हता. वर्गावर्गांतून फिरताना जमिनीवर पडलेले खडूचे तुकडे त्या उचलत आणि ज्या शिक्षकाने ते टाकले असतील त्याच्या टेबलावर, सगळ्या वर्गासमोर, ओळीने मांडत. रागावल्या की आवाज खाली जाई. आणि त्यांचा एक शब्द होता: "वाटलंच." पोराने पाटी फोडली, वाटलंच. पगार उशिरा झाला, वाटलंच. नव्या शिक्षिकेने दुसऱ्याच महिन्यात बदली करून घेतली, वाटलंच. माणसांनी आजवर त्यांना एकदाही चकित केले नव्हते आणि त्याबद्दल त्यांची माणसांवर नाराजी होती.

जन्मदाखला नसलेले मूल आले की बाई आईला समोर बसवत आणि बापाला बाहेर. बापांना काही आठवत नाही, एवढेच नव्हे, ते चुकीचे ठामपणे सांगतात, असे त्यांचे मत होते. मग चौकशी सुरू होई. गणपती बसले होते का? उठले होते? नदीला पाणी आले होते? चंद्र होता की अंधार? घरात त्या दिवशी काय शिजले होते? बायका आधी लाजत, मग एकदम सुटत. एकीला सगळे विसरायला झाले होते, फक्त शेजारणीने तिळगूळ आणून दिला होता आणि तो तिला खाववला नव्हता, एवढेच आठवत होते. तेवढ्यावर बाईंनी तारीख काढली. ऑफिसच्या कपाटात मागच्या दहा वर्षांची पंचांगे सुतळीने बांधलेली असत. त्यातले हवे ते ओढून, पेन्सिलीने खूण करून, त्या मला तारीख सांगत आणि मी ती शाईने लिही.

एकदा पर्यवेक्षक तपासणीला आले. रजिस्टर चाळून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढ्या वेगवेगळ्या तारखा कशा, हे संशयास्पद आहे, असे त्यांनी सुनावले. बाईंनी चहाचा कप त्यांच्यासमोर सरकवला.

"साहेब, आपला वाढदिवस कधी असतो?"

"एक जून."

"वाटलंच," बाई म्हणाल्या आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

सचिनची तारीख मात्र चुकली. त्याच्या आईने सांगितले होते, श्रावणातला पहिला सोमवार. त्या वर्षी श्रावण दोन होते, एक अधिक आणि एक निज. बाईंनी अधिक धरला, जन्म निजातला होता. सचिन कागदावर महिनाभर थोरला झाला. पुढे पोलीस भरतीत त्याचे वय नऊ दिवसांनी जास्त भरले. तो बांधकामाची कंत्राटे घेऊ लागला आणि आज वाघोलीत त्याने बांधलेल्या सहा इमारती उभ्या आहेत. बाई निवृत्त झाल्यावर त्यातल्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला गेल्या. त्या एकट्याच होत्या, लग्न केले नव्हते. बाईंमुळे मी पोलीस झालो नाही, असे सचिन चारचौघांत सांगे. त्यावर बाईंचे उत्तर ठरलेले होते. "काय बिघडलं? लोक तेव्हाही तुला घाबरलेच असते."

पण भरतीचा निकाल लागला त्या दिवशी बाई ते जुने पंचांग घेऊन सचिनच्या घरी गेल्या होत्या, हे मला ठाऊक आहे, कारण पिशवी धरायला मी बरोबर होतो. त्यांनी त्याच्या आईसमोर पान उघडले, दोन्ही श्रावण दाखवले आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं." चहा न घेता उठल्या. त्यांना कुणाची माफी मागताना मी पाहिले ते तेवढेच.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. एक बाई मुलीला घेऊन आली होती आणि त्या पोरीच्या जन्माची हकिगत इतक्या रंगून सांगत होती की शाळा सुटायची वेळ झाली. ती गेल्यावर पंचांग बांधता बांधता बाई स्वतःशीच म्हणाल्या, "हिला आई आहे सांगायला." मी रजिस्टरात मान घातली. बाईंची आई त्यांना तीन दिवसांचे ठेवून गेली होती. त्या मामाकडे वाढल्या आणि एक जून त्यांना मामाच्या गावच्या गुरुजींनी दिला. शेकडो पोरांना त्यांनी त्यांचा त्यांचा दिवस शोधून दिला, आणि त्यांना स्वतःला मात्र तो नव्हता.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बाईंच्या माजी विद्यार्थ्यांना त्यांचा अमृतमहोत्सव आठवला. ग्रुप निघाला. त्याचे नाव "बाई ॲट पंचाहत्तर". पुढाकार वैशालीचा. ती खराडीला आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि कुठल्याही गोष्टीचे नियोजन करताना तिला बरे वाटते. सचिनने सभागृह धरले. येत्या निवडणुकीची तयारी करत असलेल्या एका विद्यार्थ्याने फ्लेक्सची जबाबदारी घेतली. नमुना आला तेव्हा त्यात त्याचा चेहरा कलिंगडाएवढा आणि बाईंचा लिंबाएवढा होता. खाली तारीख होती, एक जून.

सगळी समिती कार्यक्रमपत्रिका घेऊन बाईंच्या घरी आली. मला बाईंनी बोलावून घेतले होते, साक्षीदार म्हणून. वैशालीने लॅपटॉप उघडला. सगळ्यांनी शाळेच्या गणवेशात यायचे, असे ठरत होते. चाळिशी-पन्नाशीचे गृहस्थ खाकी अर्ध्या चड्डीत येणार, हे ऐकून बाईंनी डोळे मिटले. पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण. फळ्याच्या आकाराचा केक. मग वह्यांची तुला, म्हणजे बाईंना तराजूत बसवून त्यांच्या भाराएवढ्या वह्या गरीब मुलांना वाटायच्या.

"माझं वजन त्रेचाळीस किलो आहे," बाई म्हणाल्या. "त्यात कितीशा वह्या होणार? त्यापेक्षा एखादा जाडा मुख्याध्यापक बसवा. पोरांचं भलं होईल."

सगळे हसले. वैशालीने ते टिपूनही घेतले, बहुधा निवेदनात वापरायला. मग ती म्हणाली, "बाई, आम्हाला काहीतरी मीनिंगफुल करायचंय. म्हणजे खरंच तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी करायचंय ना? मग माझ्या दिवशी करा. एक जून मामाच्या गावच्या गुरुजींचा आहे. त्या दिवशी मी कुठेही येणार नाही."

"पण रिअल डेट कोणालाच माहीत नाही ना, बाई?"

 बाईंनी पदराची वरची पिन काढून पुन्हा लावली. या लोकांतल्या प्रत्येकाला आपापली तारीख या बाईंनी काढून दिली होती, आणि बाईंची तारीख कुणी कधी काढली नाही, हे त्या खोलीत कुणाच्या ध्यानात आले असेल तर ते सचिनच्या. तो जाताना चपला घालायला रेंगाळला.

"बाई, सांगणारं कुणीच नाही?"

होते. हौसाक्का, बाईंची थोरली चुलत बहीण, बाई जन्मल्या तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली. वाघोलीच्या पुढे, आता इमारतींनी वेढलेल्या एका गावठाणात ती होती. चाळीस वर्षांत बाई तिकडे गेल्या नव्हत्या. लहानपणी एका लग्नात त्या घरात गेल्या, तेव्हा कुणीतरी बायकांत म्हणाले होते, हीच ती, आईला खाऊन जगलेली. तारीख विचारायची म्हणजे त्याच घरात जाऊन तेच विचारायचे.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही गेलो. सचिन गाडी चालवत होता. बाईंच्या मांडीवर त्यांच्या जन्मवर्षाचे पंचांग होते. ते त्यांनी रद्दीवाल्यांकडून केव्हाच मिळवून ठेवले होते. त्यावर पेन्सिलीची एकही खूण नव्हती. घरासमोर गाडी थांबली तरी बाई उतरेनात. "तुम्ही विचारून या," म्हणाल्या. सचिन आत गेला आणि थोड्या वेळाने हौसाक्कालाच घेऊन आला. ती काठी टेकत आली, गाडीच्या काचेपाशी वाकली आणि बराच वेळ आत पाहत राहिली.

"सुमी हाय का ही? काकीवानीच नाक हाय."

बाईंनी काच पूर्ण खाली केली. मग त्यांनी समोरच्या खुर्चीत बसलेल्या आईला विचारावे तसे विचारायला सुरुवात केली. आवाज खाली गेला होता. पण त्या रागावलेल्या नव्हत्या.

"शेतात काय होतं तेव्हा?"

"बाजरी कणसात व्हती."

"चंद्र होता?"

"कशाचा चंद्र, अवस व्हती. पोळा व्हता ना." हौसाक्काला त्यात विचारण्यासारखे काय आहे ते कळेना. "तुजा बा गोठ्यात शिंगं रंगवीत व्हता. पोरगी झाली म्हनून मीच सांगाया गेले. तो तसाच हिंगुळाच्या हातानं आत आला आन् तुज्या कपाळाला बोट लावलं. लाल. चार दिस गेलं न्हाई ते. काकी हसली व्हती बग. म्हनली, बैलावानी सजवली पोरीला."

बाईंनी पुढे काही विचारले नाही. इतरांच्या आयांना त्या निदान दहा प्रश्न विचारत. त्या "वाटलंच" म्हणाल्या नाहीत. पंचांग मला दिले. त्या भागात पोळा भाद्रपद अमावास्येला असतो. मी पान काढले, बोट ठेवले. बाईंनी चष्मा पुसला, पेन्सिल मागितली आणि स्वतः खूण केली.

आता समितीपुढे तारीख होती. सभागृह त्या दिवशी रिकामे होते, आणि असणारच, कारण भाद्रपद अमावास्या म्हणजे सर्वपित्री. ग्रुपवर खळबळ उडाली. पितृपक्षात वाढदिवस? केटरर येणार नाही. निवडणूकवाल्या विद्यार्थ्याने लिहिले की त्या दिवशी फ्लेक्सवर फोटो लागणे त्याच्या दृष्टीने योग्य नाही. एकाने सुचवले की जन्म थोडा अलीकडे सरकवता येईल का. शेवटी वैशालीने व्यवहारी तोडगा काढला: सेलिब्रेशन एक जूनलाच करू, आणि अमावास्येला बाईंना सगळे पर्सनली विश करतील.

एक जूनला बाई घरी होत्या. मी आणि त्या साबुदाण्याची खिचडी खात होतो. सभागृहात बाईंची प्रकृती ठीक नसल्याचे जाहीर झाले आणि वैशालीचा व्हिडिओ कॉल आला. बाईंनी तो घेतला, फोन टेबलावर उताणा ठेवला आणि खिचडी खात राहिल्या. मोठ्या पडद्यावर दहा मिनिटे पंखा फिरत होता. खाकी चड्डीतल्या तीनशे लोकांनी पंख्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवल्या, असे सचिन सांगत आला. तो मधूनच उठून आला होता. त्याने सोबत केकचा एक तुकडा आणला होता, त्यावर चुन्यासारख्या क्रीमने "बा" एवढेच लिहिलेले होते. बाईंनी तो चाखून बघितला आणि फळा बरा होता, म्हणाल्या.

त्याच दिवशी त्यांनी आपल्या वाढदिवसाचे नियोजन हातात घेतले. आलेल्या एका निमंत्रणाचे पाकीट उलगडून त्याच्या पाठीवर यादी केली. ती अशी होती:

पाच माणसे. हौसाक्का (गाडीने आणणे, पुढच्या सीटवर). सचिन. सचिनची आई (खीर तिच्याकडून, साखर कमी). ग्रंथपाल. वैशाली (फोन चपलांजवळ ठेवून).
भाषण नाही. शाल नाही. नारळ आणलात तर चटणी करीन.
भाजी मंडईतून.

वैशालीचे नाव मी पाहिले आणि बाईंकडे पाहिले. "ती वाईट नाही हो," बाई म्हणाल्या. "तिला फक्त कुणीतरी सांगावं लागतं की पुरे." मग म्हणाल्या, "मला एकदा बघायचंय, त्या दिवशी सकाळी उठल्यावर कसं वाटतं ते."

ऑगस्ट-सप्टेंबरभर त्या त्याच विचारात होत्या. गवार कुठली घ्यायची, बाजरी जुनी की नवी, हौसाक्काला दात किती आहेत. वाघोलीत चार पावलांवर भाजी मिळते, पण तिथली भाजी दुकानातल्या दिव्यांमुळे ताजी दिसते, असा त्यांचा आरोप होता. म्हणून अमावास्येच्या दोन आठवडे आधी त्या बसने मंडईत आल्या, नुसती पाहणी करायला, आणि मला बोलावले. आम्ही तासभर हिंडलो. त्यांनी तीन गवारवाल्यांशी वाद घातले आणि एकीला सांगितले की अमावास्येच्या आदल्या दिवशी येईन, कोवळी ठेव. तिने कशासाठी विचारले.

"वाढदिवस आहे," बाई म्हणाल्या. "माझा."

मग स्टॉपवर बस आली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. बस निघता निघता त्यांनी काचेवर टकटक केले, माझ्याकडे बोट रोखले आणि मग मनगटावरच्या घड्याळावर दोनदा बोट आपटले. वेळेवर या, असे. मी मान हलवली. त्यांनी मान फिरवली आणि पुढच्या सीटवरच्या बाईला काहीतरी सांगायला सुरुवात केली. बस वळली.

तो रविवार होता. गुरुवारी त्या गेल्या. निदान वेदनेत फार वेळ काढावा लागला नाही, असे डॉक्टर म्हणाले.

अमावास्येला दहा दिवस होते. अमावास्येच्या दिवशी आम्ही पाचहीजण बाईंच्या घरी जमलो. इमारतीतले लोक पितरांसाठी पाने घेऊन गच्चीवर चालले होते आणि आम्हीही त्याचसाठी जमलो आहोत असे समजून ते आमच्याकडे पाहून मान डोलावत होते. भाषण झाले नाही. शाल कुणी आणली नाही. वैशालीने फोन चपलांजवळ ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासली. कोवळी गवार मी आदल्या दिवशी घेऊन आलो होतो. त्या गवारवालीने ती खरोखर ठेवली होती. हौसाक्काने खीर चाखली आणि साखर कमी असल्याचे सांगितले.

यंदाच्या एक जूनला ग्रुपवर एकशे बारा जणांनी बाईंना स्वर्गात वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. बहुतेकांनी केकची चित्रे टाकली. मी काही लिहिले नाही. सचिनने ग्रुप सोडला.

पंचांग आणि पाकीट माझ्याकडे आहेत. बाईंच्या आधारवर, पेन्शनच्या कागदावर आणि मृत्यूच्या दाखल्यावर एक जून आहे. खरी तारीख पाच माणसांनी पाळली. हौसाक्का माघात गेली. आता ती पाळणारे आम्ही चौघे आहोत.